शाळेत लॅपटॉप आले. आता ते सांभाळणार कोण?

२०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून तिसरीपासूनच्या वर्गांना एआय आणि संगणकीय विचार शिकवायला सुरुवात करणार, असं केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं. तेव्हापासून माझ्याकडे येणारे प्रश्न बदलले आहेत. आधी शिक्षक विचारायचे, "सर, मुलांसाठी कोणतं अ‍ॅप चांगलं?" आता मुख्याध्यापक विचारतात, "एका कंपनीकडून सीएसआरमधून ३० छोटे लॅपटॉप मिळतायत, घ्यावेत का?"

माझं उत्तर असतं, घ्या. पण त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरवून घ्या: हे ३० लॅपटॉप रोज चार्ज कोण करणार, अपडेट कोण करणार, आणि एखादा फुटला तर पैसे कोणाच्या खिशातून जाणार? या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर नसतील, तर वर्षभरात ते लॅपटॉप कपाटात जातात. खराब झाले म्हणून जात नाहीत, कोणी काढायला धजत नाही म्हणून जातात.

आजचा लेख शाळेच्या 'वर्गसंचा'बद्दल आहे. वर्गसंच म्हणजे ११-१२ इंची स्क्रीनचे, एकसारखे २५ ते ४० लॅपटॉप. ते शाळेतच राहतात आणि आळीपाळीने वेगवेगळे वर्ग वापरतात. मुलांनी घरी न्यायच्या लॅपटॉपची गोष्ट वेगळी, ती इथे नाही.

आकडे वाढतायत, पण ते काय मोजतात?

सरकारच्या यू-डायस प्लस अहवालानुसार देशातल्या संगणक असलेल्या शाळांचं प्रमाण २०२३-२४ मध्ये ५७.२ टक्के होतं, ते २०२४-२५ मध्ये ६४.७ टक्के झालं. इंटरनेट असलेल्या शाळा ५३.९ टक्क्यांवरून ६३.५ टक्क्यांवर गेल्या. एका वर्षातली ही वाढ चांगलीच आहे.

पण या टक्केवारीतून शाळेत संगणक आहे एवढंच कळतं. तो आठवड्यातून किती तास मुलांच्या हातात असतो, हे कळत नाही. शाळेत लॅपटॉप 'असणं' आणि 'चालणं' यांच्यामध्ये शिक्षकाची बरीच मेहनत असते, आणि ती कुठल्याही रकान्यात भरली जात नाही.

३५ मिनिटांच्या तासिकेचा हिशेब

समजा तासिका ३५ मिनिटांची आहे आणि वर्गात ३० मुलं आहेत. लॅपटॉप वाटायला ५ मिनिटं, सुरू करून लॉगिन करायला ५ मिनिटं, शेवटी बंद करून, मोजून, परत ठेवायला ५ मिनिटं. म्हणजे शिकवायला उरली २० मिनिटं, आणि तीही सगळं सुरळीत झालं तर. चार मुलं पासवर्ड विसरली आणि दोन मशीनची बॅटरी संपलेली निघाली, की उरतात १२.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत मी दोन दिवस हेच बघत बसलो होतो. तिथल्या बाईंनी शोधलेले उपाय अगदी साधे होते, पण कामाचे होते. प्रत्येक लॅपटॉपवर मोठा आकडा चिकटवलेला. मुलाचा हजेरी क्रमांक तोच त्याचा लॅपटॉप, कायम. त्यामुळे "माझा कुठला?" हा गोंधळ संपला, आणि सातव्या नंबरची की निघाली तर ती कोणाच्या हातात निघाली हेही कळायला लागलं. पासवर्डची छोटी कार्डं करून ती वर्गशिक्षकाकडे एका डब्यात ठेवलेली. आणि तासिका जोडून घेतलेल्या: आठवड्यातून दोनदा ३५ मिनिटांऐवजी एकदाच ७० मिनिटं. वाटणं-गोळा करणं एकदाच होतं, त्यामुळे आधी आठवड्याला ४० मिनिटं मिळायची, आता ५५ मिळतात. एक रुपयाही खर्च झालेला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जोड्या. दोन मुलांत एक लॅपटॉप दिला तर अनेकांना ती तडजोड वाटते. माझ्या मते खालच्या वर्गांसाठी तीच चांगली पद्धत आहे. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने वाचून सांगायचं आणि चुका काढायच्या, दहा मिनिटांनी अदलाबदल. मुलं एकमेकांशी बोलतात, अडली तर आधी शेजाऱ्याला विचारतात, आणि बाईंना ३० ऐवजी १५ स्क्रीनवर लक्ष ठेवावं लागतं.

चार्जिंग: सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग

छोट्या लॅपटॉपचा चार्जर साधारण ४५ वॉटचा असतो. असे ३० एकदम लावले तर १,३५० वॉट. २३० व्होल्टवर हा भार जवळजवळ ६ अँपिअर होतो. आपल्याकडच्या शाळांच्या वर्गात भिंतीवर जे छोटं सॉकेट असतं, त्याची मर्यादाच ६ अँपिअर. एकाच सॉकेटला एक्स्टेन्शन, त्याला दुसरं एक्स्टेन्शन, अशी माळ लावली की वायर तापते, नाहीतर एमसीबी पडते. हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे आणि ते धोकादायक आहे.

करायचं काय? एक, १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट स्वतंत्र वायरिंगसह आणि अर्थिंगसह टाकून घ्या. दोन, १०-१० च्या तुकड्या करून चार्ज करा. तीन, शाळा सुरू असतानाच चार्ज करा. रात्री कुलूपबंद खोलीत चार्जिंग चालू ठेवून जाऊ नका.

विजेच्या बिलाची भीती मात्र फारशी नको. अशा लॅपटॉपची बॅटरी ४०-५० वॉट-अवरची असते. चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरूनही ३० मशीन शून्यापासून पूर्ण भरायला दोन युनिटपेक्षा कमी वीज लागते.

उन्हाळ्याच्या सुट्टीचं वेगळं सांगायला हवं. पत्र्याच्या छपराखाली, मे महिन्यात, बॅटरी १०० टक्के भरून दीड महिना ठेवली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. पूर्ण रिकामी ठेवली तर ती परत चालूच न होण्याची शक्यता असते. म्हणून सुट्टीआधी सगळे लॅपटॉप ५० टक्क्यांच्या आसपास आणा, पूर्ण शट डाउन करा आणि इमारतीतल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. आणि हो, एखाद्या लॅपटॉपचा टचपॅड वर आलेला दिसला किंवा तळ फुगलेला दिसला, तर आतली बॅटरी फुगली आहे असं समजा. तो दाबून बसवायचा नाही, चार्ज करायचा नाही, मुलांच्या हातात तर अजिबात द्यायचा नाही.

अपडेट आणि 'एक्स्पायरी डेट'

औषधासारखी लॅपटॉपलाही एक्स्पायरी असते, हे बऱ्याच शाळांना खरेदीनंतर कळतं.

क्रोमबुक घेत असाल तर प्रत्येक मॉडेलला गुगलने अपडेटची शेवटची तारीख ठरवून दिलेली असते. ही मुदत तुम्ही खरेदी केल्यापासून मोजत नाहीत, त्या मॉडेलचा प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून मोजतात. म्हणजे चार वर्षांपूर्वीचं मॉडेल आज 'नवं कोरं' घेतलं, तरी त्याची चार वर्षं आधीच गेलेली असतात. अमेरिकेत कोरोनाकाळात शाळांनी प्रचंड क्रोमबुक घेतली आणि मग चालू स्थितीतल्या मशीनचे अपडेट बंद होऊ लागल्यावर तिथल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवला. सप्टेंबर २०२३ मध्ये गुगलने ही मुदत १० वर्षं केली. २०२१ पासून आलेल्या मॉडेलना ती आपोआप लागू होते. जुन्या काही मॉडेलना मिळते, पण त्यासाठी शाळेच्या अ‍ॅडमिनला पर्याय निवडावा लागतो. सेटिंग्जमध्ये 'अबाउट क्रोमओएस' उघडलं की तारीख दिसते. घेण्याआधी बघा.

विंडोजचं बघायचं तर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप आणि साधारण आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर किंवा त्यापुढचा लागतो. कंपन्यांनी नेमके हेच न बसणारे लॅपटॉप आता बदलायला काढले आहेत, आणि त्यातले काही शाळांना 'भेट' म्हणून येतायत. भेट वाईट नाही, पण तिच्याबरोबर एक काम येतं. तीन मार्ग आहेत: मायक्रोसॉफ्टची शिक्षणसंस्थांसाठीची वाढीव सुरक्षा योजना, जिचा दर प्रत्येक मशीनमागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर आहे, गुगलचं मोफत क्रोमओएस फ्लेक्स, किंवा लिनक्स. तिन्ही चालतात, पण ३० मशीनवर ते बसवायला कोणीतरी दोन दिवस बसावं लागतं.

अपडेटला इंटरनेटही लागतं. एका मशीनला १ जीबीचं अपडेट म्हणजे ३० मशीनना ३० जीबी. २० एमबीपीएसच्या लाइनवर याला सव्वातीन तासांहून जास्त वेळ लागतो. हे अपडेट तासिकेच्या मध्येच सुरू झालं की तो तास गेला. विंडोजमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' नावाची सोय आहे. ती चालू केली की एका मशीनने उतरवलेलं अपडेट शाळेच्या नेटवर्कवरच दुसरी मशीन घेऊ शकतात. अपडेटसाठी महिन्यातला एक शनिवार ठरवा आणि वेळापत्रकात लिहा.

भेट मिळालेल्या लॅपटॉपचं छुपं कुलूप

मी गेलो होतो त्याच शाळेला एका कंपनीकडून २४ जुने लॅपटॉप मिळाले होते. फोटो निघाले, हार झाले. पण त्यातल्या ९ मशीनना बायोसचा पासवर्ड होता आणि काही मशीन इंटरनेट जोडलं की कंपनीचीच लॉगिन स्क्रीन दाखवत होती. फॉरमॅट करूनही ती परत यायची, कारण मशीनचा अनुक्रमांक कंपनीच्या व्यवस्थापन यादीतून काढलाच नव्हता. हे काम देणाऱ्याच्या आयटी विभागात दहा मिनिटांचं आहे, शाळेतून मात्र ते होऊच शकत नाही. शाळेने चार महिने ईमेल पाठवले.

म्हणून भेट स्वीकारताना लेखी मागा: बायोस पासवर्ड काढला आहे, मशीन कंपनीच्या नोंदणीतून मुक्त केलं आहे, डिस्क पुसली आहे, प्रत्येक लॅपटॉपबरोबर चार्जर आहे आणि बॅटरी किमान दोन तास चालते. शक्यतो सगळी एकाच मॉडेलची मशीन मागा. एकसारखी असतील तर एकाचा चार्जर दुसऱ्याला चालतो, आणि बंद पडलेल्या एकाचे भाग चौघांना उपयोगी पडतात.

खरा अडथळा: जड संग्रह नोंदवही

आता मूळ मुद्दा. सरकारी शाळेत लॅपटॉप आला की तो जड संग्रह नोंदवहीत, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'डेड स्टॉक'मध्ये चढतो. तो कोणाच्या तरी ताब्यात असतो, आणि बदली होताना त्या व्यक्तीला तो मोजून द्यावा लागतो. बंद पडलेली वस्तू नोंदीतून काढायची तर निर्लेखनाची प्रक्रिया, तिची मंजुरी, तिचे कागद.

आता त्या शिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवा. लॅपटॉप वर्गात काढले आणि एकाची स्क्रीन फुटली, तर विचारणा मला होणार. कपाटात ठेवले, तर कोणीही काही विचारणार नाही. वापरण्यात जोखीम आहे, न वापरण्यात नाही. अशा व्यवस्थेत कपाटाला कुलूप लावणारा शिक्षक आळशी आहे असं मी म्हणणार नाही, तो हिशेबी आहे. वर ऑनलाइन माहित्या, निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं आहेतच. त्यात ३० लॅपटॉपची जबाबदारी 'तंत्रस्नेही शिक्षक' म्हणून ज्याच्या गळ्यात पडते, त्याची तासिका एकानेही कमी होत नाही.

मशीन दिलं की शिक्षण आपोआप होईल हा समज जुना आहे. निकोलस नेग्रोपॉन्टे यांच्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाचे हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या एकशिक्षकी शाळेत आले होते. भारतातला तो पहिला प्रयोग, देशभर मात्र तो पसरला नाही. पेरूने हेच लॅपटॉप लाखोंनी घेतले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. दर मुलामागे संगणकांचं प्रमाण ०.१२ वरून १.१८ झालं, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. मशीन पोचली होती, पण ती रोजच्या धड्यात कशी बसवायची, याचा आधार शिक्षकांना पुरेसा मिळाला नव्हता.

केरळने काय वेगळं केलं?

याला आपल्या देशातलं उदाहरण केरळचं आहे. तिथे शाळांच्या तंत्रज्ञानासाठी 'काइट' नावाची स्वतंत्र सरकारी कंपनी आहे, जी पूर्वी 'आयटी अ‍ॅट स्कूल' प्रकल्प होती. २०१८ च्या हायटेक शाळा योजनेत ४,७५२ शाळांमधल्या ४५,००० वर्गखोल्यांत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर बसवले. ते वर्गसंच नव्हेत, पण सांभाळण्याची पद्धत आपल्याला जशीच्या तशी उपयोगी आहे.

त्यांनी खरेदीच्या करारातच पाच वर्षांची वॉरंटी घेतली. तक्रार नोंदवायला पोर्टल ठेवलं, आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर पुरवठादाराला दंड लावला. सगळीकडे एकच मोफत, लिनक्सवर आधारित प्रणाली ठेवली. त्यामुळे एका शाळेतल्या शिक्षकाला जे येतं ते दुसऱ्या शाळेत चालतं. आणि 'लिटल काइट्स' नावाने मुलांचे क्लब काढले. आठवीत अभिरुची चाचणी घेऊन मुलं निवडतात, त्यांना प्रशिक्षण देतात, आणि शाळेतली यंत्रसामग्री सांभाळायला ती मुलं मदत करतात.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दंडाची वाटते. बिघाडाची जबाबदारी शिक्षकावरून उचलून करारावर टाकली गेली. बिघाड झाला तर तक्रार नोंदवायची, एवढंच शिक्षकाचं काम. मग लॅपटॉप काढायला भीती कशाला वाटेल?

तुमच्या शाळेने काय मागावं?

हे सगळं आपल्याकडे उद्या होणार नाही. पण शाळा व्यवस्थापन समितीच्या पातळीवर पाच गोष्टी आजही करता येतात.

१. ३० ऐवजी २५ लॅपटॉप मागा. उरलेल्या पाचांच्या किमतीत वायरिंग, कुलपाचं हवेशीर कपाट, जादा चार्जर आणि तीन वर्षांची दुरुस्ती बसवा. देणारी कंपनी आकड्यावर अडून बसली तर तिला हा हिशेब दाखवा.

२. समितीचा ठराव करून ठेवा की वर्गात नियमित वापर होताना झालेलं नुकसान हे शिक्षकाचं वैयक्तिक नुकसान धरलं जाणार नाही. ठरावाने सरकारी नियम बदलत नाहीत, हे खरं. पण चौकशी झालीच तर शिक्षकाच्या बाजूने एक कागद उभा राहतो. आपला ठराव केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडेही पाठवा.

३. संच सांभाळणाऱ्या शिक्षकाला आठवड्यातून किमान दोन तासिका मोकळ्या द्या, आणि तसं वेळापत्रकात लिहा.

४. सहावी ते आठवीतल्या सहा-सात मुलामुलींचं पथक करा. चार्जिंगला लावणं, नंबरप्रमाणे मोजणं, स्क्रीन पुसणं, बिघाड वहीत लिहिणं ही कामं ती उत्तम करतात. पथकात मुली निम्म्या ठेवा, नाहीतर मशीन मुलग्यांचं आणि पुसणं मुलींचं अशी वाटणी व्हायला वेळ लागत नाही.

५. खाती शाळेच्या नावाने काढा, आईच्या मोबाइल नंबरवर नको. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हा त्यातला मुख्य मुद्दा आहे. शाळांना काही बाबतींत सूट आहे, पण कुठल्याही नव्या अ‍ॅपवर मुलांची नावं आणि जन्मतारखा भरण्याआधी पालकसभेत विषय घ्या.

आणि एक सवय लावा. वहीत 'किती लॅपटॉप आहेत' याच्या शेजारी 'या आठवड्यात किती तास वापरले' असा रकाना आखा. भेट देणाऱ्या कंपनीला आणि भेटीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना तोच रकाना आधी दाखवा. वर्षाअखेरी एका लॅपटॉपचं बिजागर तुटलेलं आणि तो रकाना भरलेला असेल, तर तुमचा संच चांगला चालला आहे. २५ च्या २५ चकचकीत आणि रकाना रिकामा असेल, तर मात्र त्या लॅपटॉपचा उपयोग फक्त यू-डायसच्या टक्केवारीला झाला.

तुमच्या शाळेत वर्गसंच असेल तर तो कसा सांभाळता, चार्जिंगची काय युक्ती केली आहे, ते जरूर कळवा. उपयोगी युक्त्या पुढच्या लेखात देईन.